ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्यावर

हार्ड रॉक वाजवणाऱ्या बँडचं एखादं शांत गाणं गाजलं की त्यावरचे निवाडे ठरलेले असतात. कट्टर चाहते म्हणतात, रेकॉर्ड कंपनीने गळ्याशी सुरी ठेवली असणार. समीक्षक म्हणतात, बाजार बघून पोरांनी सूर मवाळ केला. दोघांच्याही मनात एकच समजूत पक्की असते : मोठा आवाज म्हणजे खरा माणूस आणि हळू आवाज म्हणजे तडजोड. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ‘एक्स्ट्रीम’ या बँडवर हा आरोप तीसेक वर्षं चिकटून आहे, तो ‘मोर दॅन वर्ड्स’ या एका गाण्यामुळे. ८ जून १९९१ रोजी हे गाणं ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकी यादीत पहिलं आलं आणि त्यानंतर या बँडची ओळख जगभर ‘ते गिटारवरचं हळुवार गाणं गाणारे’ अशी झाली. माझं म्हणणं असं, की या गाण्यात तडजोड शोधणाऱ्यांनी ते नीट ऐकलेलं नाही. एक्स्ट्रीमच्या वाजवण्यातली सगळ्यात कडक शिस्त नेमकी इथेच आहे. बँडचं नुकसान झालं हे खरं, पण ते गाण्याने केलेलं नाही.

आधी गाण्याची जागा बघू. १९९० साली आलेल्या ‘पोर्नोग्राफिटी’ या अल्बममध्ये तेरा गाणी आहेत. पैसा, चंगळ आणि देहाचा बाजार यांची टिंगल करणारी ही एक सलग बांधलेली गोष्ट आहे. अल्बमच्या उपशीर्षकात तिला चक्क परीकथा म्हटलं आहे. ‘मोर दॅन वर्ड्स’ त्यात पाचवं. त्याच्या आधी ‘गेट द फंक आउट’, नंतर पैशाला देव मानणाऱ्यांवरचं ‘मनी’. म्हणजे दोन धिंगाण्यांच्या मधोमध हे गाणं मुद्दाम बसवलेलं आहे. एकल गाणं म्हणून बाजारात आलं तेही तिसऱ्या क्रमांकावर, ‘डेकडन्स डान्स’ आणि ‘गेट द फंक आउट’ या दोन गोंगाटी गाण्यांच्या पाठोपाठ. मवाळ चेहरा पुढे करून अल्बम विकायचा बेत असता, तर क्रम उलटा लागला असता.

आता बँडचा गिटारवादक नूनो बेटेनकोर्ट याचा उजवा हात बघा. पोर्तुगालच्या अझोर बेटांवर जन्मलेला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला हा वादक तेव्हा चोविशीत होता. याच अल्बममधल्या एका गाण्याच्या सुरुवातीला त्याने संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवची भुंग्याची धून इलेक्ट्रिक गिटारवर भन्नाट वेगाने वाजवली आहे. ‘मोर दॅन वर्ड्स’मध्ये तोच हात अकूस्टिक गिटारवर येतो. तारा अर्ध्या सुराने खाली उतरवलेल्या. अंगठा खर्जाची तार छेडतो, त्याच क्षणी बाकीची बोटं वरच्या तारा उचलतात, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला अख्खा हात तारांवर आपटून ‘टक्’ असा कोरडा आवाज काढतो. ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला जे करतो, तेच. गाण्यात ड्रम नाहीत, पण ड्रमचं काम सुरूच आहे, आणि सूर व ठेका दोन्ही एकाच हाताने सांभाळायचे आहेत. तबलजी उठून गेला की गाणाऱ्याची लय उघडी पडते, तसा हा प्रकार. इलेक्ट्रिक गिटारच्या गुरगुराटात एखादा सूर घसरला तरी खपून जातो. इथे बोट तारेवरून सरकल्याचंही ऐकू येतं. वर गायक गॅरी शेरोनच्या आवाजाला बेटेनकोर्टचा दुसरा आवाज जोडलेला. ही जोडगाण्याची रीत पन्नाशीच्या दशकातल्या एव्हर्ली ब्रदर्सपर्यंत मागे जाते. हार्ड रॉकच्या आरडाओरडीशी तिचं काही नातं नाही.

यावर कुणी म्हणेल, की शांत गाण्याचा साचा तर तेव्हा तयारच होता. होता, यात शंका नाही. मॉट्ली क्रूचं ‘होम स्वीट होम’ १९८५ चं. पॉयझनचं ‘एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न’ १९८८ च्या अखेरीस यादीत पहिलं आलं होतं. पण त्या साच्याची एक अट असे : सुरुवात हळू करायची, मग ड्रम कोसळवायचे, मग गिटारचा लांबलचक विलाप. ऐकणाऱ्याला दिलासा मिळायचा, की पोरं अजून रॉकवालीच आहेत. ‘मोर दॅन वर्ड्स’ने हा दिलासा दिला नाही. शेवटपर्यंत ड्रम येतच नाहीत. असं करणारं हे पहिलं गाणं नव्हे. गन्स एन’ रोझेसच्या ‘पेशन्स’मध्येही ड्रम नाहीत आणि १९८९ मध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पण तिथे निदान तीन गिटारी आहेत. इथे एक गिटार, दोन गळे, संपलं. जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या जोडीने केलेल्या कृष्णधवल व्हिडिओत याचीच थट्टा आहे : सुरुवातीला ड्रमर पॉल गिअरी काठ्या खाली ठेवतो, पॅट बॅजर बास गिटार उतरवतो, आणि दोघं निवांत बसून राहतात. स्वतःच्याच रिकामपणावर हसणारा बँड कंपनीच्या धाकाखाली वाकलेला असेल, हे पटत नाही.

शब्दांवरचा आक्षेप मात्र मला जास्त गंभीर वाटतो. प्रेम बोलून दाखवणं पुरेसं नाही, ते कृतीत दाखव, असं यातला पुरुष प्रेयसीला विनवतो. पण ही विनवणी आहे की आडून केलेली मागणी? तिला उत्तर द्यायला गाण्यात जागाच नाही. उलट एका पुरुषाची मागणी दोन पुरुषांच्या गोड आवाजात गायली जाते, त्यामुळे मागणीची टोचणी कमी होते आणि दाब वाढतो. हा आक्षेप मी खोडणार नाही. गाणं निरागस नाही. मात्र ‘मवाळ’ या आरोपाशी ते जुळत नाही, हेही खरं. अल्बममध्ये ऐकताना आजूबाजूच्या देहबाजाराच्या गाण्यांमुळे त्यातली धार जाणवत राहते. रेडिओने ते सुटं करून लग्नसमारंभांच्या हाती दिलं, तेव्हा ती धार गेली.

नुकसान झालं ते इथे. अमेरिकी रेडिओ श्रोत्यांना खणाखणांत वाटून घेतो. रॉकचं स्टेशन वेगळं, लोकप्रिय गाण्यांचं वेगळं. हे गाणं दुसऱ्या खणात शिरलं आणि तिथल्या लोकांनी अल्बम घेतला, तर आत कर्कश फंक निघालं. रॉकवाल्यांना वाटलं, ही पोरं आता आपली राहिली नाहीत. दोन्हीकडच्या श्रोत्यांची गाठ कधी पडलीच नाही. पुढचं अकूस्टिक गाणं, ‘होल हार्टेड’, चौथ्या क्रमांकावर गेलं, तरी खण बदलला नाही. बाजाराच्या मागे लागलेल्या बँडने यानंतर आणखी दोन-चार हळवी गाणी काढली असती. एक्स्ट्रीमने १९९२ च्या ‘थ्री साइड्स टू एव्हरी स्टोरी’ या अल्बममध्ये वाद्यवृंद घेऊन वीस मिनिटांहून लांब, तीन भागांची रचना केली. व्यापाराच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. तोवर निर्व्हाना हा बँड येऊन हार्ड रॉकची गादी रिकामी झाली होती.

आणि निवाड्यांचा दुटप्पीपणा याच निर्व्हानाच्या बाबतीत दिसतो. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ‘एमटीव्ही अनप्लग्ड’साठी बहुतांश अकूस्टिक वाद्यांवर कार्यक्रम केला, आणि त्याला आजही प्रामाणिकपणाचा कळस मानतात. दोन्हींत फरक नाही असं नाही. निर्व्हानाने त्या दिवशी आपलं सर्वांत गाजलेलं गाणं वाजवायचं टाळलं. एक्स्ट्रीमचं शांत गाणं हेच त्यांचं सर्वांत गाजलेलं ठरलं. पण हा फरक यशाचा आहे, सच्चेपणाचा नाही. हळू वाजवून गाजणं हा गुन्हा आणि गाजल्यावर हळू वाजवणं हे तप, असा न्याय लावायचा असेल तर निदान तो उघडपणे मान्य तरी करावा.

२०२३ मध्ये एक्स्ट्रीमच्या ‘राइझ’ या गाण्यातल्या बेटेनकोर्टच्या इलेक्ट्रिक गिटारवर जगभरचे गिटारवादक तुटून पडले. नव्या श्रोत्यांना आश्चर्य वाटलं, की हा तोच हळुवार गाण्यातला माणूस. आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी ‘मोर दॅन वर्ड्स’ सुटं ऐकू नये. आधी ‘गेट द फंक आउट’ पूर्ण आवाजात लावावं, मग मध्ये काही न बदलता पाचवं गाणं सुरू होऊ द्यावं, आणि लक्ष फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ठेवावं.