तहानेच्या नावावरचं पाणी

खडकवासल्यातून मुठा उजव्या कालव्याला उन्हाळी आवर्तन किती आणि कधी सोडायचं, यावरून पुणे शहर आणि दौंड-इंदापूरचे शेतकरी यांच्यात ओढाताण ठरलेलीच. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं, आणि त्यावर शहर व शिवार दोघांचाही हक्क आहे. टंचाईत मात्र पारडं शहराकडे झुकतं, कारण राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिलं स्थान आहे. ते रास्तच आहे. पण या अग्रहक्काने शहरात आलेलं पाणी पिण्यासाठी लागतं किती? शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबात पिण्याला ५ लिटर, स्वयंपाकाला ५. आंघोळीला ५५, संडासच्या फ्लशला ३०, उरलेलं धुण्याभांड्याला आणि फरशीला. स्वच्छता ही चैन नव्हे, हे मान्य. तरीही शेतकऱ्याला थांबवून आणलेल्या पाण्यातलं दहा लिटरच तहान-भुकेचं असेल, तर उरलेल्या सव्वाशे लिटरचा जाब घराने द्यायला हवा. पाणी वाचवणं म्हणजे निसर्गावर उपकार, असं बोलायची सवय लागली आहे. खरं तर तो शेजारच्या तालुक्याशी केलेला साधा व्यवहार आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं: राज्यातलं बहुतेक पाणी शेतीत जातं, त्यातलंही मोठं माप उसाच्या पदरात, मग आमच्या बादलीने काय होणार? उसाबद्दलचं म्हणणं खरं आहे आणि ठिबकाची सक्ती कागदावरून शेतात यायलाच हवी. पण बादलीचाही हिशेब मांडून पाहावा. ४० लाख माणसांनी रोज दहा-दहा लिटर वाचवलं तर वर्षाला सुमारे १,४६० कोटी लिटर, म्हणजे अर्धा टीएमसी. आवर्तनावरून भांडणाऱ्याला अर्धा टीएमसी किरकोळ वाटत नाही. आणि दहा लिटर जातात कुठे? नळ आला की पिंपातलं कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतलं जातं, तिथेच. धरणात आठ-आठ महिने साठलेलं पाणी शिळं होत नाही, झाकलेल्या पिंपात मात्र ते एका रात्रीत होतं!

महापालिकेच्या वाहिन्या गळतात, हा आक्षेप अधिक वजनदार. पण धरणातून उपसून, शुद्ध करून, टाकीत चढवलेलं पाणी घरात पोहोचेपर्यंत त्यावर वीज आणि पैसा खर्च झालेला असतो. शिवाय वापरलेलं पाणी नाहीसं होत नाही; त्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत जातो, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. घरातला वापर घटला तर मैलापाण्यावरच्या प्रक्रियेचा भारही तेवढा हलका होतो.

सगळ्यांत अवघड शंका निराळीच आहे: आम्ही वाचवलेलं पाणी कालव्यात न जाता नव्या टॉवरच्या जलतरण तलावात गेलं तर? निव्वळ सद्भावनेवर हे थांबणार नाही. शहराचा कोटा वापर घटेल तसा खाली आणून ते पाणी कालव्याच्या नावे लिहिलं गेलं पाहिजे. सोसायटीच्या आतही हेच. इमारतीला एकच जोडणी आणि खर्च मेंटेनन्समध्ये सारखा वाटलेला असेल, तर जपून वापरणारा पाईप लावून गाडी धुणाऱ्याचं बिल भरतो. प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर बसवायला सोसायट्या कां-कूं करतात, त्यामागे खर्चाइतकंच हेही कारण असावं.