अक्षर आणि आज्ञा

उमरठला तानाजी मालुसरे यांच्या समाधीपुढे उभे राहिले की कोंढाण्याचा कडा आठवतो. फेब्रुवारी १६७० मधल्या त्या रात्री मावळे जिथून वर चढले, तिथून कोणी येईल असे गडावर कोणाला वाटलेच नव्हते. त्या पराक्रमाची तुलना माझ्या संकेतस्थळावर झालेल्या चोरट्या घुसखोरीशी होऊ शकत नाही. पण गृहीत धरलेली बाजू म्हणजे काय, हे मला त्या कड्याने शिकवले, आणि तेही उशिरा.

समाधीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी मी एक लहान संकेतस्थळ चालवत असे. अभिप्राय लिहिता यावेत म्हणून त्याला एक तयार प्लगिन जोडले होते. वर्षभर ते अद्ययावत केले नाही. एके दिवशी पोलादपूरहून एका शिक्षकांचा फोन आला : पान उघडताच भलतीच जाहिरात समोर येते.

कोणीतरी अभिप्रायाच्या जागी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. कोनी कंसात लिहिलेला मजकूर ब्राउझर वाचत नाही, पाळतो. पानावर मांडताना त्या कंसांचे निव्वळ खुणांत रूपांतर करणे हे प्लगिनचे काम. ते झाले नाही, आणि अक्षराची आज्ञा झाली. या दोषाला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. हे नाव २००० साली मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी दिले. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर याच वाटेने सोडलेली एक स्क्रिप्ट वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांवर पसरली. उपाय तेव्हाही ज्ञात होता.

मला अस्वस्थ करते ती याची नैतिक बाजू. इथे घाव घरावर नव्हे, पाहुण्यावर होतो. त्याचा ब्राउझर ती आज्ञा पाळतो, कारण ती आमच्या पत्त्यावरून आलेली असते. आमच्यावरचा विश्वास हेच तिचे शस्त्र. प्रवेश केलेल्या व्यवस्थापकाने तेच पान उघडले, तर त्याचे अधिकारही तिच्या हाती जातात. फुकट मिळालेल्या प्लगिनचा कर्ता दूर कुठेतरी असतो आणि त्याने दुरुस्ती बहुधा केलेलीही असते. ती बसवणे एवढेच आपल्याकडे उरते, आणि एवढेच मी केले नव्हते.

मी संकेतस्थळ बंद केले, प्लगिन काढून टाकले, परवलीचे शब्द बदलले. मग अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी ज्यांचे पत्ते नोंदलेले होते, त्या प्रत्येकाला काय घडले ते पत्राने कळवले. पहिले पत्र त्या शिक्षकांना होते.