सात आणि बारा

सिनाईच्या डोंगरातल्या सेंट कॅथरीन मठाबद्दल बोलणं निघालं, की आपल्याकडे दोन मिनिटांत ते मशिदीवर येतं. मठाच्या तटाच्या आत, चर्चच्या अगदी शेजारी, फातिमी काळातली लहानशी मशीद आहे हे खरंच. तिचा फोटो पडद्यावर दाखवायचा, सर्वधर्मसमभावाचं एक वाक्य टाकायचं, की टाळ्या होतात आणि चहा येतो. नांदेडात असंच एक व्याख्यान मध्यंतरी ऐकलं. तो फोटो माझ्याकडेही आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. मनात अडकलं ते शेवटी कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मठाची जागा सरकारजमा झाली म्हणतात, ते खरं का? वक्ते म्हणाले, ‘मालकी सरकारची, वापर साधूंचा. बिघडलं काय?’ सभागृहाने मान डोलावली.

प्रश्नामागची घटना अशी. 28 मे 2025 रोजी इजिप्तमधल्या इस्माइलिया इथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की मठाची जागा ही राज्याची सार्वजनिक मालमत्ता आहे आणि मठवासीयांना तिथे राहण्याचा, उपासनेचा, वापराचा हक्क आहे. मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंचा, त्यामुळे ग्रीसमध्ये ओरड झाली. मठाच्या पावित्र्याला धक्का लागणार नाही, असं इजिप्त सरकारने सांगितलं. मला वाटतं, त्यांनी ते मनापासून सांगितलं असेल. माझा मुद्दा कोणाच्या हेतूचा नाहीच.

मराठवाड्यातल्या माणसाला तरी हे उत्तर इतक्या सहज पटायला नको होतं. इनाम, कूळ, खासरा पाहणी, फेरफार या शब्दांवर आपल्या दोन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आल्या. सातबारा आपण एका दमात म्हणतो, पण कागद दोन आहेत. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो. गाव नमुना बारा त्या जमिनीत काय पिकलं ते सांगतो. सातावर नाव एकाचं आणि नांगर दुसऱ्याचा, ही स्थिती काय असते हे इथे कोणाला समजावून सांगावं लागू नये.

सिनाईत बाराचा उतारा केवढा लांब आहे ते पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर, लालसर ग्रॅनाइटच्या उघड्याबोडक्या घळीत तो मठ बसला आहे. झाड दिसलं तर समजावं, कोणीतरी पाणी घातलंय. चौथ्या शतकात इजेरिया नावाची यात्रेकरू बाई इथे आली, तेव्हा बायबलमधल्या मोशेच्या जळत्या झुडपापाशी साधू राहतच होते. सम्राट जस्टिनियनने तटबंदी आणि चर्च बांधलं ते त्यानंतर. चर्चच्या छताच्या तुळयांवर कोरलेल्या लेखांत राणी थिओडोराचा उल्लेख दिवंगत म्हणून आणि राजाचा हयात म्हणून आहे. ती 548 मध्ये वारली, तो 565 मध्ये. म्हणजे बांधकाम त्या सतरा वर्षांतलं. पुरावा लाकडातच ठेवून गेलेला असा सुतार आमच्या रेकॉर्ड रूमला मिळायला हवा होता. असो. साधू आधी आणि सम्राट नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिकाची नोंद आधी झाली, मालकाची मागाहून.

झुडपाच्या जागेवरच्या छोट्या देवघरात अजूनही अनवाणी जातात, कारण मोशेला तिथे वहाणा काढायला सांगितलं गेलं होतं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. मला जास्त हलवलं ते मठाच्या दफनभूमीने. कबरी मोजक्याच. नवा साधू वारला की जुन्याची हाडं काढून अस्थिगृहात रचतात आणि त्याच खड्ड्यात नव्याला ठेवतात. कवट्यांचा ढीग एका बाजूला, हाडांचा दुसऱ्या. तिथे मेलेल्यालासुद्धा मालकीची साडेतीन हात जमीन मिळत नाही. वहिवाट तेवढी मिळते.

म्हणूनच ‘बिघडलं काय?’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. ज्यांना मालकी नकोच, त्यांची मालकी गेली तर त्यांचं काय गेलं? पण यात वहिवाट आणि मुभा यांची गल्लत आहे. वहिवाट कोणी देत नाही. चालून चालून ती पडते. मुभा वरून दिली जाते, म्हणून काढूनही घेता येते. ‘वापराचा हक्क आहे’ असं न्यायालयाने म्हटलं, तेव्हा वापर तोच राहिला, पण तो आता कोणाच्या तरी शब्दावर उभा राहिला. पहाटेची प्रार्थना तीच, दिवे तेच. फक्त उद्या कोणी येऊन ‘यापुढे अमुक वेळेतच’ म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यायचं, ते बदललं.

सरकार सांभाळेल, हेही ऐकलं. इतिहास इथे जरा खट्याळ आहे. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनीच धार्मिक चित्रं फोडायचा सपाटा लावला. मठ त्यांच्याच पूर्वसुरीने बांधलेला, पण तोवर सिनाई मुस्लिम सत्तेखाली गेली होती आणि सम्राटाचा हुकूम तिथे पोचत नव्हता. मेणाच्या रंगांतलं सहाव्या शतकातलं ख्रिस्ताचं चित्र आज तिथे पाहता येतं ते त्यामुळे. मालकाचा हात पोचला नाही म्हणून ते वाचलं.

जतनाचं तर बोलायलाच नको. 1844 मध्ये टिशेनडॉर्फ हा जर्मन पंडित मठात आला आणि चौथ्या शतकातल्या बायबलची काही पानं घेऊन गेला. ती जाळायच्या टोपलीत होती असं तो सांगे. मठाला हे कधी मान्य झालं नाही. 1859 मध्ये मागितल्यावर परत करीन अशी पावती लिहून त्याने मोठा भाग रशियात नेला. 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने तो ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांना विकला. पानं उत्तम जपली आहेत, काचेआड. ती वाचून उपासना करणारं मात्र कोणी नाही. युनेस्कोने 2002 मध्ये मठाचा परिसर वारसायादीत घातला. यादी ही यादीच असते.

एक गोष्ट कबूल करायला हवी. धर्मसंस्थांच्या हाती मालकी राहिली म्हणजे वहिवाट टिकते असंही नाही. देवस्थानांच्या इनामी जमिनींचं कुणी आणि काय केलं, हे आपल्या गावोगावच्या पारांवर ठाऊक आहे. कधी कधी सरकारचं नाव सातावर असणंच बरं, हेही मी मान्य करतो. एवढं मान्य करूनही, बाराचा रकाना न पाहता सातावर समाधान मानणाऱ्याला मी जाणता म्हणणार नाही. औसा तालुक्यातली खरोसा लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे साधारण सिनाईच्या तटाएवढीच जुनी मानतात. वर डोंगरावर देवीच्या दर्शनाला माणसं येतात. खाली लेण्यांत येते ती सहल. लेणी शाबूत आहेत. राहणारा नाही.

आता उरते एक गोष्ट, जी माझ्या या हिशेबात बसत नाही. मठाभोवती जबालिया बदाऊनी राहतात. जस्टिनियनने मठाच्या सेवेला आणि राखणीला काळ्या समुद्राकडून माणसं पाठवली, त्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. पुढे ते मुसलमान झाले, राखण सुटली नाही. पिढ्यान् पिढ्या मठाच्या भट्टीतली भाकरी त्यांच्याकडे जात आली. आम्ही मठ पाहायला गेलो होतो, तेव्हा उतरताना त्यांच्यातलाच एक म्हातारा दाराशी बसला होता. आमच्यातल्या एकाने गाइडमार्फत त्याला विचारलं, बाबा, ही जागा कोणाची? त्याने आधी मठाकडे बोट केलं, मग डोंगराकडे, आणि मग आमच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे. बाटली दिली. त्याचं नाव सातावर नाही, बारावरही नाही.