ओळख कोणाची?

सप्टेंबर २०२३. बंगळुरू पॅलेसमध्ये पाचवी जागतिक कॉफी परिषद भरली होती, आशियात पहिल्यांदाच. मी एका स्टॉलवर उभा होतो. पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कॉफी कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची, हे सांगणारं ॲप आमची टीम बनवते. भोवती कोडगू-चिकमगळूरचे मळेवाले, रोस्टर, कॅफेवाले, परदेशी खरेदीदार. सगळे गळ्यात कार्ड अडकवून ओळखी वाढवत होते. मला ते जमत नाही.

एका कप बनवणाऱ्याने विचारलं, "गाव कुठलं?"

"गंजाड, डहाणूजवळ." त्याचा चेहरा कोरा. म्हणून पुढे म्हणालो, "वारली चित्रकार जिव्या सोमा मशे, पद्मश्री मिळालेले, ते आमचेच."

त्याने खुर्ची ओढली. मग दिवसभर मी हेच वाक्य वापरलं आणि खिसा कार्डांनी भरला. खरं तर मी वारली नाही. मशेंना लहानपणी लांबून पाहिलं होतं, एवढंच. 'आमचेच' म्हणताना जीभ मात्र अडखळली नाही.

महिन्याभराने त्याने फोटो पाठवला. गेरूच्या रंगाचा कप, त्यावर तारपा नाच. "तुमच्यामुळे सुचलं!" काढलं कोणी, विचारलं. "आमच्या डिझायनरने."

गावी गेल्यावर पाड्यावरच्या एका चित्रकार काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "यांनी तारपावाल्याकडे पाठ केलीय. असं कोणी नाचत नाही."

मित्र म्हणतो, शैली कोणाच्या मालकीची नसते. असेल. वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय मिळालाय, पण मला कायद्याचा प्रश्न पडलेला नाही. त्या कपात ओतलेल्या कॉफीचा मळा माझं ॲप सांगतं. कपावरचं चित्र कुठून आलं, हे कुठेच नाही. आणि ते तिथवर पोचवणारा मी.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी इथे आले, त्यांनीही ओळखच करून दिली होती. पण चित्रांबरोबर मशेंचं नावही जगभर गेलं. मी नाव घेतलं ते माझं काम व्हावं म्हणून. काम झालंही, त्यातल्या दोन कार्डांचे पुढे ग्राहक झाले. ते परत करावेत असं वाटत नाही, हेही खरं.

काकांना विचारून त्यांचा नंबर कपवाल्याला पाठवला. "पैसे किती देतो ते आधी विचार," काका म्हणाले. तेही विचारलं. मेसेजवर निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.