ज्यूद्वेष आणि शाळा : महाराष्ट्राच्या अनुभवातून

ज्यूद्वेष रोखण्यात शिक्षणाचा वाटा किती, या प्रश्नामागे युरोपात साठ लाख हत्यांची आठवण असते. महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहतो. बेने इस्रायल हा ज्यू समाज कोकणात शतकानुशतके राहिला, आणि शेजाऱ्यांनी धर्मापायी त्याचा छळ केल्याची कहाणी तो समाजही सांगत नाही. शाळा नव्हत्या तेव्हाही द्वेष नव्हता. मग शाळेने नेमके करायचे काय?

आधी तो सलोखा कशावर उभा होता हे पाहायला हवे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. पुढे हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. धर्मनियमानुसार शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. गावगाड्यात जशी प्रत्येक जातीला जागा होती तशी त्यांनाही मिळाली, आणि रोटी-बेटीची कुंपणेही मिळाली. समाजाच्या आतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होताच. हा सलोखा अंतर राखून टिकलेला होता. शेजारी काय मानतो हे जाणून घेण्याची कुणाला गरज पडली नाही. गावगाडा मोडल्यावर त्या सलोख्याचा आधारही गेला, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

दौंड तालुक्यातल्या पाटससारख्या गावातल्या बहुतेक मुलांनी ज्यू माणूस पाहिलेला नसतो. हिटलरचे नाव मात्र त्यांना पाठ असते. कडक शिक्षकाला मुले ‘हिटलर’ म्हणतात, आणि त्यात निंदेइतकाच धाकयुक्त आदरही असतो. त्याच्या ‘माझा लढा’ची मराठी भाषांतरे व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी विकली जातात. २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघाले, आणि ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर त्याचे नाव बदलावे लागले. गंमत अशी की ना. ह. पालकरांचे ‘छळाकडून बळाकडे’ वाचून इस्रायलचे कौतुक करणाराच वाचक कधीकधी हिटलरच्या शिस्तीचेही गोडवे गातो. दोन्हीकडे त्याला दिसते ते बळ. छळ झालेली माणसे दोन्हीकडून निसटतात. हा उघड द्वेष नव्हे, अज्ञान आहे. पण गाझाच्या बातम्यांवरचा संताप इथल्या ज्यूंवर वळवणारी अफवा अशाच अज्ञानात रुजते. एखाद्या सरकारच्या धोरणावर टीका करणे वेगळे आणि एका धर्माच्या माणसांना दोषी ठरवणे वेगळे, हे शाळेतच शिकवायला हवे.

शिक्षण वाढले की द्वेष आपोआप ओसरतो, हा समज मात्र सोडावा लागतो. २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथे ज्यूंच्या संहाराचे नियोजन करायला जमलेल्या पंधरा नाझी अधिकाऱ्यांपैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. पदवीने त्यांना अडवले नाही. उपयोगी पडते ते आरोप तपासण्याचे शिक्षण. ज्यूंच्या जागतिक कटाचा पुरावा म्हणून मिरवलेले ‘प्रोटोकॉल्स’ म्हणजे मजकूरचोरी आहे हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच मूळ पुस्तकाशी ताडून दाखवले होते. दोन उतारे शेजारी ठेवून चोरी पकडण्याचा हा धडा नववीच्या वर्गात सहज घेता येतो, आणि तो अफवा पसरवणाऱ्या कुठल्याही मजकुराला लागू पडतो.

शिकवणाऱ्याचा हेतू आणि शिक्षणाचा परिणाम यांत मोठी तफावतही पडते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांपैकी फार थोडे बाटले, बाकीचे आपल्या धर्मग्रंथांच्या अधिक जवळ गेले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतंत्र शाळा काढली. ज्यूंनीच काढलेल्या नागपाड्यातल्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. बहुसांस्कृतिक शिक्षणावरच्या कित्येक परिसंवादांपेक्षा ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे.

पाटसच्या मुलांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. तुकोबांची पालखी इथूनच रोटी घाट चढते, त्यामुळे कीर्तन त्यांच्या कानावरचे आहे. बेने इस्रायलांनीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि टाळ-पेटीच्या साथीने म्हटली. त्यांचा मलिदाही ओळखीचा वाटेल : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा, वेलची, भोवती फळे, आणि हे सारे प्रेषित एलियाहूच्या नावाने. दौंड भागातला रुग्ण पुण्याच्या ससूनला पाठवला जातो, तेव्हा तो बगदादमधल्या छळाला कंटाळून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या रुग्णालयात जातो. संहाराचा इतिहास आधी शिकवला तर ज्यू म्हणजे केवळ मेलेली माणसे असा ग्रह होतो. म्हणून ओळख आधी आणि संहार नंतर, हाच क्रम योग्य.

याच डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले लाल विटांचे, उंच घड्याळ-मनोऱ्याचे ‘लाल देऊळ’, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, पुण्याच्या लष्कर भागात आहे. आवारातच त्यांची समाधी आहे. पाटसहून हे अंतर साधारण साठ किलोमीटर. शनिवारवाड्याला जाणाऱ्या शालेय सहलींनी हे ठिकाणही यादीत घ्यावे; सुरक्षेच्या कारणास्तव आत जायला आधी परवानगी काढावी लागते, आणि शनिवार टाळावा.