काडतुसाची किंमत आणि शेजाऱ्याचा जीव

घराच्या रक्षणासाठीं बंदूक ठेवणाऱ्या मनुष्यानें काडतुसांच्या बाबतींत काटकसर करावी कीं करूं नये? हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदारीचा वाटतो; परंतु किंचित् विचार केला असतां तो नीतीचा आहे, असें दिसून येईल. तांदूळ हलका घेतला तर फार तर जेवण बेचव होतें, आणि तें घेणाराच जेवतो. काडतूस मात्र अशी वस्तु आहे कीं, तिच्या निवडीचें फळ घेणाऱ्यास न मिळतां भिंतीपलीकडे निजलेल्या दुसऱ्याच कोणास मिळण्याचा संभव असतो. म्हणून या गोष्टीचा शांतपणें विचार करणें योग्य होय.

हा प्रश्न विशेषेंकरून अमेरिकेंतील गृहस्थास पडतो. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर या खटल्यांत, स्वतःच्या घरांत संरक्षणासाठीं पिस्तूल बाळगणें हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय दिला. पुष्कळ घरांत पिस्तुलाऐवजीं छर्ऱ्याची बंदूक असते. आमच्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं, आणि खेड्यापाड्यांत जी परवान्याची बंदूक दिसते ती बहुधा रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं असते. तथापि बारा बोअरची बंदूक तिकडे आहे तीच इकडेही आहे. तिचीं काडतुसें पुण्याजवळ खडकीच्या, १८६९ सालीं स्थापन झालेल्या कारखान्यांतही होत आलीं आहेत. तेव्हां तिकडील गृहस्थास विचारावयाचा प्रश्न इकडील परवानेदारासही विचारतां येईल.

प्रथम वस्तु काय आहे हें समजून घेऊं. बारा बोअर याचा अर्थ असा कीं, नळींत बरोबर बसणारा शिशाचा गोळा वजनानें रत्तलाचा बारावा हिस्सा भरतो. काडतुसाच्या पोटांत खालीं दारू, मध्यें बूच आणि वर छर्रे असतात. आठ नंबरचा बारीक छर्रा सुमारें २.३ मिलिमीटर जाड असून एका औंसांत, म्हणजे सुमारें २८ ग्रॅम वजनांत, असे सुमारें ४१० दाणे बसतात. हवेंत उडविलेल्या मातीच्या तबकड्या व लहान पांखरें यांसाठीं तो वापरतात. दुहेरी शून्य नंबरचा मोठा छर्रा सुमारें ८.४ मिलिमीटरचा असतो, आणि एका काडतुसांत तसे बहुधा ८ किंवा ९ च असतात. आमच्याकडे ज्यास एस.जी. म्हणतात तो जवळपास त्याच मापाचा. तिसरी जात अखंड शिशाच्या एकाच गोळीची. ती बहुधा एक औंसाची असते. बारीक छर्ऱ्यांचीं काडतुसें २५ च्या पेटींत स्वस्त मिळतात. मोठ्या छर्ऱ्यांचीं पुष्कळदां ५ च्या लहान पेटींत येतात, आणि त्यांपैकीं एकाच्या दामांत सरावाचीं अनेक येतात.

आतां काटकसरीकडे वळूं. चांदमारीच्या मैदानावर सरावासाठीं स्वस्त काडतूस घेणें यांत कांहीं गैर नाहीं. किंबहुना तें योग्यच आहे. तबकड्यांच्या खेळांत एका डावास २५ तबकड्या असतात; तेवढ्या महाग काडतुसांनीं फोडणें सामान्य मनुष्यास परवडत नाहीं, आणि परवडत नाहीं म्हणून तो सरावच सोडून देतो. स्वस्त काडतुसांत दारू व छर्रे बेताचे असल्यामुळें खांद्यास बसणारा धक्काही कमी असतो, आणि शिकणारा भिऊन डोळे मिटून घेत नाहीं. बंदूक खांद्यास लावणें, काडतूस भरणें, तें काढून टाकणें, घोड्यावर बोट केव्हां न्यावें व केव्हां नेऊं नये, या गोष्टी हातांत मुरण्यास वारंवार अभ्यास लागतो. त्यांतील कांहीं तर दारू नसलेल्या नकली काडतुसांनीं जवळजवळ फुकट शिकतां येतात. ज्या काटकसरीनें मनुष्याचा हात स्थिर होतो ती काटकसर हा सद्गुण होय. उलट, उत्तम काडतुसांची एक पेटी आणून कपाटांत ठेवावी आणि आयुष्यांत एकही बार काढूं नये, ही उधळपट्टीच होय, मग ती पेटी एकच कां असेना.

येथें एका प्रचलित भ्रमाचा उल्लेख करणें अवश्य आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीस नेम लागत नाहीं, ती रोखली म्हणजे समोरचें सर्व कांहीं टिपते, असें पुष्कळ लोक समजतात. हें खरें नाहीं. छर्रे पसरतात ते अंतर वाढेल तसे. खोलीच्या पांच-सात पावलांच्या अंतरावर ते बहुधा वीतभरही पसरत नाहींत. म्हणजे घराच्या आंत या बंदुकीचा बार जवळजवळ एका गोळीप्रमाणेंच जातो, आणि नेम चुकला तर सगळाच्या सगळा चुकतो. भ्रमावर विसंबणारा मनुष्य सराव करीत नाहीं, आणि त्याची शिक्षा बहुधा त्याला होत नाहीं, दुसऱ्यास होते.

संरक्षणासाठीं भरून ठेवावयाच्या काडतुसाचा प्रश्न यापेक्षां कठीण आहे, कारण येथें दोन कर्तव्यें एकमेकांस आडवीं येतात. बंदूक चालविण्याची वेळ खरोखरच आली, तर आपल्या मुलाबाळांवर उठलेला हात थांबला पाहिजे. आणि त्याच क्षणीं ज्याचा कांहीं अपराध नाहीं अशा मनुष्यास इजा होतां कामा नये. सरावांतून उरलेलें बारीक छर्ऱ्याचें काडतूस भरून ठेवणारा म्हणतो, 'हें स्वस्तही आहे आणि भिंतीपार जाणारही नाहीं.' परंतु अमेरिकेच्या संघीय अन्वेषण खात्यानें १९८६ सालच्या मायामी येथील चकमकीनंतर असें प्रमाण ठरविलें कीं, गोळी चाचणीच्या मऊ द्रव्यांत निदान १२ इंच शिरली पाहिजे. बारीक छर्रा त्याच्या निम्म्यापर्यंतही बहुधा पोंचत नाहीं. तो मनुष्यास भयंकर जखम करील, आंधळाही करील, आणि तरी त्यास थांबवील असा भरंवसा नाहीं. दुसऱ्या बाजूनें, मोठा छर्रा थांबवितो खरा. परंतु अमेरिकन घरांच्या आंतील भिंती लांकडी चौकटीवर जिप्समच्या पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात, आणि त्यांच्या एकामागून एक अशा अनेक भिंतींतून तो पार जातो. अखंड गोळीविषयीं तर बोलावयासच नको. आमच्याकडील कुडाच्या किंवा पत्र्याच्या भिंतीचीही हीच कथा आहे.

अपराध्याच्या अंगांत शिरेल आणि निरपराध्याच्या अंगावरून ओघळून जाईल असें काडतूस कोणत्याही कारखान्यांत निघत नाहीं. म्हणून या विरोधाचा निकाल एकटें काडतूस लावूं शकत नाहीं. तो बंदूक धरणाऱ्यानेंच लावावयाचा आहे. कोणत्या दाराकडे तोंड करून बार काढला असतां पलीकडे कोण निजलेलें असतें, हें त्यानें आधींच पाहून ठेविलें पाहिजे. मोठ्या छर्ऱ्यांचीं काडतुसें धक्का कमी करून, छर्रे एकत्र राहतील अशीं केलेलीं मिळतात. तीं थोडीं महाग पडलीं तरी घ्यावीं. आणि घेतलेल्यांपैकीं कांहीं खर्ची घालून, कागदाच्या मोठ्या तावावर बार काढून, आपल्याच बंदुकींतून तीं आठ-नऊ छर्ऱ्यांचा घोळका कोठें टाकतात, हें मोजून पाहावें. एक छर्रा घोळक्याबाहेर गेला तर तो कोठें जाईल? तोही आपलाच आहे, आणि त्याचाही जाब आपल्यासच द्यावा लागेल.

स्वस्ताईच्या नादांत होणाऱ्या आणखी कांहीं चुका येथें सांगून ठेवतों. काडतूस आपल्या बंदुकीच्या मापाचें आहे कीं नाहीं, हें न पाहतां केवळ दाम पाहून घेऊं नये. जुन्या कित्येक इंग्रजी बंदुकींचें घर ६५ मिलिमीटर काडतुसाचें असतें. त्यांत आजचें ७० मिलिमीटरचें घालणें धोक्याचें आहे. अमेरिकेंत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीस शिशाचे छर्रे सर्वत्र बंद झाल्यामुळें पोलादी छर्ऱ्यांचीं काडतुसें पुष्कळ मिळतात. परंतु जुन्या नळीस पोलाद अपाय करतें. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या नळींत घसरून मध्येंच अडकतें, आणि मागून बाराचें उडविलें तर नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरच्या काडतुसांस पिवळा रंग देण्याची चाल पडली आहे. चांदमारीहून परत आल्यावर हात-तोंड धुतल्यावांचून मुलांस जवळ घेऊं नये किंवा अन्नास शिवूं नये, कारण शिशाची धूळ मुलांच्या बुद्धीस घातक आहे. या खबरदारीस फारसा पैसा लागत नाहीं. लक्ष मात्र लागतें.

आतां मूळ नीतितत्त्वाकडे येऊं. मोशेच्या नियमशास्त्रांत असें आहे कीं, चोर घर फोडतांना सांपडून मार बसून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. परंतु सूर्य उगवल्यावर तसें झालें तर दोष आहे. अंधारांत मनुष्यास दिसत नाहीं, विचारास वेळ नसतो, म्हणून शास्त्र त्यास क्षमा करतें. आमच्या देशाचा कायदाही याच धोरणाचा आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमांत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत होणाऱ्या घरफोडीचा वेगळा विचार केला आहे. ४४ वें कलम तर असें म्हणतें कीं, प्राणघातक हल्ल्याची धास्ती असतां निरपराध्यास इजा होण्याचा धोका पत्करल्यावांचून बचाव करणें शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत बचावाचा हक्क पोंचतो. १८६० च्या दंडसंहितेंतही १०६ व्या कलमांत हेंच होतें.

परंतु एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. चोर रात्रीं येतो. काडतूस मात्र दिवसा विकत घेतलें जातें. रात्रीच्या घाईची क्षमा दिवसाच्या निष्काळजीपणास लागू पडत नाहीं. कोणतें काडतूस घ्यावें, किती सराव करावा, बंदूक कोठें व कशी बंद ठेवावी, भिंतीपलीकडे कोण निजतें, या सर्व गोष्टींचा विचार करण्यास मालकास महिनेच्या महिने मिळालेले असतात. न्यायालय त्यास सोडून देईल. पण 'मला दुसरा इलाज नव्हता' असें तो आपल्या मनास सांगूं शकणार नाहीं, कारण इलाज होता, आणि तो कांहीं रुपयांसाठीं किंवा कांहीं डॉलरांसाठीं त्यानें टाळला. त्याच नियमशास्त्रांत, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर कोणी पडून मेल्यास घरावर रक्तपाताचा दोष येईल, अशी आज्ञा आहे. कठड्याचा खर्च हा घराच्या खर्चांतच धरावयाचा असतो. तसाच सराव, कुलूप आणि योग्य काडतूस यांचा खर्च बंदुकीच्या किमतींतच धरावयाचा असतो. बंदूक घेतली आणि हा खर्च टाळला, तर बंदूक अर्ध्याच किमतीनें घेतली असें होतें, आणि उरलेली अर्धी किंमत शेजाऱ्याच्या नांवावर लिहिली जाते.

कोणी विचारील, मग बंदूक ठेवावीच कां? मेनोनाइट व क्वेकर या पंथांतील पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं शस्त्र हातीं न धरण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे, आणि त्यांस भित्रे म्हणण्याचें धैर्य इतिहास जाणणारा करणार नाहीं. दुसरे म्हणतात कीं, लेंकरांस निराधार सोडणें हीही प्रीति नव्हे. या जुन्या वादाचा निकाल येथें लावण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु ठेवूं इच्छिणाऱ्यानें एक आंकडा अवश्य पाहावा. अमेरिकेंत २०२१ सालीं बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं; त्यांपैकीं २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळां बंदूक चालली ती परक्यावर नव्हे, तर हातीं धरणाऱ्याच्याच जिवावर. चोराच्या भयानें आणलेली वस्तु घरांतील दुःखी मनुष्याच्या हातीं लागूं नये, यासाठीं लागणारें कुलूप ही त्या घराची पहिली गरज होय. काडतुसाची पेटी त्यानंतर.

तेव्हां प्रश्नाचें उत्तर असें. सरावांत काटकसर करा, कारण तिनें सराव वाढतो. संरक्षणाच्या काडतुसांत काटकसर करूं नका, कारण तेथें वांचणारा पैसा बहुधा दुसऱ्याच्या जिवांतून वजा होतो. आणि कुलूप, सराव व योग्य काडतूस हे तिन्ही खर्च ज्यास झेपत नाहींत, त्यानें बंदुकीचा विचार सोडून दाराचा अडसर भक्कम करावा, अंगणांत दिवा लावावा, कुत्रें पाळावें आणि शेजाऱ्याशीं सलोखा राखावा. हा उपाय बंदुकीहून स्वस्त आहे, आणि त्यांतील शेवटला उपाय तर असा आहे कीं, ज्याच्या जिवाची काळजी वाहावयाची तोच शेजारी हाक मारल्याबरोबर धांवून येतो.