खटका कोणाच्या पायाखाली?

रशियाच्या भयाने ग्रासलेल्या फिनलंड, पोलंड आणि तीन बाल्टिक राष्ट्रांनी २०२५ साली भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारातून अंग काढून घेण्याचे ठरविले आणि सुरुंगांचा वापर आम्ही जबाबदारीनेच करू, अशी ग्वाही दिली. नकाशात नोंदलेला, तारेने वेढलेला, इशाऱ्याची पाटी लावलेला सुरुंग सभ्य राष्ट्रास शोभतो, हा त्या ग्वाहीचा मथितार्थ आपल्याकडेही मान डोलावून स्वीकारला जातो, याचा मला विषाद वाटतो. सरहद्दीपासून शेकडो कोस दूर असलेल्या परभणीच्या माणसालाही हा युक्तिवाद अपरिचित नाही. रानडुकरांच्या उपद्रवाने गांजलेला शेतकरी धुऱ्यावरच्या तारेत वीजप्रवाह सोडतो, आणि रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला शेजारचा सालगडी त्या तारेला चिकटून प्राणास मुकतो, तेव्हा ‘सगळ्यांना सांगून ठेवले होते’ हीच कैफियत पुढे येते. शेतकऱ्याची अगतिकता खरी असते; परंतु त्या कैफियतीने सदोष मनुष्यवधाचा आरोप पुसला जात नाही.

१६६० साली शाएस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगाने उडविला, तेव्हा बत्ती देणारा हात होता आणि तिचा हुकूम देणारा सरदारही होता. पुढे महायुद्धांत रणगाडाविरोधी सुरुंगांच्या रक्षणासाठी माणसाच्या पावलाने फुटणारे लहान सुरुंग पेरले जाऊ लागले, आणि बत्ती देणारा तो हात नाहीसा झाला. अशा सुरुंगांनी कंबोडिया, अंगोला, अफगाणिस्तान यांची काय दशा केली, ते सर्वश्रुत आहे.

या इतिहासातील ज्या वळणाचा अर्थ सरसकट चुकीचा लावला जातो, ते वळण १९८० आणि १९९७ यांच्या दरम्यानचे. सुरुंगांविषयीच्या १९८० च्या जिनिव्हा करारनाम्याने सुरुंग निषिद्ध ठरविला नाही. तो कसा पुरावा, कोठे नोंदवावा, एवढाच बंदोबस्त केला. १९९६ च्या सुधारणेने पावलाने फुटणाऱ्या सुरुंगात निदान आठ ग्रॅम लोखंडाइतका शोधयंत्रास कळणारा धातू असावा, असे ठरविले, आणि भारताने ते मान्य केले. त्यानंतर ओटावा करार आला, तो जोडी विल्यम्स यांच्या सुरुंगबंदीच्या चळवळीमुळे व राजकुमारी डायाना अंगोलातील सुरुंगभूमीतून चालल्यामुळे जगाची करुणा जागी झाली म्हणून, असे सांगण्यात येते. परंतु करुणा हेच माप असते, तर त्याच कराराने वाहनविरोधी सुरुंग आणि माणसाने पाहून, कळ दाबून उडविलेला स्फोट हे दोन्ही बंदीबाहेर का ठेवले असते? कराराची व्याख्या जखमेची तीव्रता विचारीत नाही; माणसाच्या अस्तित्वाने, सान्निध्याने अथवा स्पर्शाने जो फुटतो, त्यालाच ती अपराधी ठरविते. मारण्याचा निर्णय ज्याचा प्राण जाणार त्याच्याच पावलावर सोपविणे, हे तेथे प्रथम निषिद्ध झाले. म्हणून नकाशा आणि पाटी यांची भाषा ही प्रगती नव्हे, १९८० कडे परतणे होय.

गडचिरोलीचे उदाहरण देऊन, कळ दाबून आणि पावलाने होणाऱ्या स्फोटांतील हा भेद कोणी निरर्थक ठरवील. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ माओवाद्यांनी घडविलेल्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक असे सोळा जण मृत्युमुखी पडले. ती हत्याच होती, आणि दबा धरून सावज हेरणाऱ्यास न्यायासनापुढे जाब द्यावाच लागेल. परंतु बस्तरच्या रानात मोहफुले वेचणाऱ्या आदिवासीच्या पावलाखाली दाबबॉम्ब फुटतो, तेव्हा पुरणारा कधीच निघून गेलेला असतो, आणि कोणाला मारायचे हे त्या क्षणी कोणीच ठरविलेले नसते. माओवाद्यांच्या ठायी हे कृत्य जितके निंद्य, तितकेच ते शासनाच्या ठायीही का नसावे, या प्रश्नाला लांब सरहद्दीच्या रक्षणाची सबब हे उत्तर होऊ शकत नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर ‘पराक्रम’ या लष्करी मोहिमेत पंजाब-राजस्थानच्या सरहद्दीवरील शेतांत सुरुंग पुरले गेले. ते काढेपर्यंत शेते पडीक राहिली, आणि काढताना व नंतरही जवान व शेतकरी जायबंदी झाले. नोंदी, नकाशे, कुंपण या सर्वांसह हे घडले, आणि पेरणी एक हंगाम चुकली तर काय होते, हे मराठवाड्यातील कुणब्यास सांगावे लागत नाही.

भारत ओटावा करारात नाही. संयुक्त राष्ट्रसंघात त्याविषयीच्या ठरावावर तो तटस्थ राहतो, आणि परिणामकारक पर्याय उपलब्ध झाल्यास बंदीचा मार्ग सुकर होईल, असे वर्षानुवर्षे सांगत आला आहे. तो पर्याय शोधण्याचे काम संरक्षण मंत्रालयाच्या कोणत्या दप्तरात आहे, त्यावर आजवर किती द्रव्य खर्ची पडले आणि त्याची मुदत कोणती, हे लोकसभेत लेखी विचारण्याचा अधिकार परभणीच्या खासदारांनाही आहे. तो त्यांनी पुढील अधिवेशनातच बजावावा.